पीएच.डी. की धोरणाचं काम?

प्रश्न : सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून मी नाशिकला एका वायनरीच्या प्रयोगशाळेत काम करते. मला जैवसुरक्षा धोरणात, म्हणजे घातक जंतूंपासून लोकांना सुरक्षित ठेवायचे नियम ठरवण्याच्या कामात जायचंय. घरचे म्हणतात, आधी पीएच.डी. कर.

उत्तर : ताई, पीएच.डी.ची घाई नको. आधी 1989 चे घातक सूक्ष्मजीवांविषयीचे नियम मुळातून वाचा. जनुकीय बदलांवर संशोधन करणाऱ्या संस्थेला त्यानुसार जैवसुरक्षा समिती नेमावी लागते. अशा समितीची टिपणं काढायचं काम मिळालं, तर पगार कमी असला तरी घ्या. कागदावरचा नियम फ्रीझरच्या कुलपापर्यंत कसा पोचतो, ते तिथे दिसतं. मग 1975 पासून लागू असलेला जैविक शस्त्रबंदी करार वाचा. तो पाळला जातोय का, हे तपासायची यंत्रणाच त्यात नाही! यावर मराठीत लिहा, फार गरज आहे.

2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा मी पशुवैद्यक म्हणून नोकरीत होतो. साथ रोखायला माराव्या लागणाऱ्या कोंबड्यांची भरपाई किती आणि कधी, हे आधी सांगितलं नाही तर कोंबड्या मेल्याचं कुणी कळवत नाही, हे मी तेव्हापासून सांगत आलोय. म्हणून सुट्टीच्या दिवशी निफाड-सिन्नरकडच्या पोल्ट्रीवाल्यांशी बोला. आरोग्य विद्यापीठ तुमच्या गावातच आहे, तिथली व्याख्यानंही चुकवू नका.