चित्रकलेचा तास गणिताला दिला तर बिघडलं काय?

प्रश्न : सर, माझी मुलगी सातवीत आहे. शाळेतले चित्रकलेचे सर दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले, त्यांच्या जागी कोणी आलंच नाही, आता तो तास गणिताच्या मॅडम घेतात. मुलगी नाराज आहे. मिस्टर म्हणतात बरंच झालं, चित्रं काढून पोट भरतं का. तिला बाहेर एलिमेंटरीच्या क्लासला घालायचा विचार आहे, निदान मार्क तरी मिळतील. घालू का?
– एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, आधी मार्कांचं सांगतो कारण तिथे गैरसमज आहे. एलिमेंटरी आणि तिच्या वरची इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षा. दहावीला वाढीव मार्क मिळतात ते इंटरमिजिएटचे, ए ग्रेडला ७, बीला ५, सीला ३. एलिमेंटरीचे काही मिळत नाहीत. आता ७ मार्कांसाठी चित्रकला शिकायची का, तर माझं मत नाही असंच आहे, पण शिकायची मात्र नक्की.

क्लासला घालण्याआधी एकदा तिथे जाऊन बसा. बऱ्याच ठिकाणी स्मरणचित्र (आठवून काढायचं चित्र) म्हणजे सरांनी काढलेला बाजार, पावसातल्या छत्र्या, बसस्टॉप असे चार-पाच ठरलेले विषय घोटून घेतात, परीक्षेत त्यातलाच एखादा जरा फिरवून उतरवायचा. मग पोरगी आठवून काय काढते? सरांचंच चित्र! दोन डोंगर, मधे सूर्य, चारच्या आकड्यासारखे पक्षी, हे आपण सगळ्यांनी काढलंय आणि सांगली काय सोलापूर काय, सगळीकडे डोंगर दोनच.

मी ज्याला शिकणं म्हणतो ते सांगतो, घरी करून बघा. टेबलावर तांब्या ठेवा आणि तिला समोर बसवून काढायला सांगा. पहिल्यांदा ती तांब्याचं तोंड गोल काढेल आणि बूड सरळ रेघ मारून मोकळी होईल, कारण तोंड गोल आहे आणि तांब्या टेबलावर सपाट बसलाय हे तिला माहीत आहे. पण दिसतं तसं नाही ना. तोंड लंबगोल दिसतं, बुडाची कड पण वाकलेली दिसते, आणि तांब्या डोळ्यांच्या जितका खाली तितका तो लंबगोल जास्त उघडत जातो. आता तिला खाली बसायला सांगा, तोंड बरोबर डोळ्यांच्या रेषेत आलं की त्याची नुसती आडवी रेघ होते. हे मी तोंडाने सांगितलं तर विसरेल, पण चार वेळा खोडून स्वतः पकडलं की पुढे प्रत्येक बादली, प्रत्येक पातेलं तशाच नजरेने बघते. माहीत असलेलं आणि समोर दिसणारं यातला फरक कळणं, हे दुसऱ्या कुठल्या तासाला शिकवतात सांगा. (गणिताच्या मॅडमवर राग नाही हो, त्यांना पोर्शन संपवायचाय.) आणि मिस्टरांना सांगा, ग्रेड परीक्षेत कर्तव्यभूमितीचा, म्हणजे कंपास-पट्टीने आकृत्या काढायचा पेपर असतो, कंपास नीट धरायला मी तरी तिथेच शिकलो.

शाळेचं म्हणाल तर गप्प बसू नका. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलंय की सहावी ते आठवीत शंभरच्या वर मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी निदान अर्धवेळ निदेशक, म्हणजे शिकवणारा, हवा. पालकसभेत मुख्याध्यापकांना हे सरळ विचारा, जमलं तर तीन-चार पालक मिळून लेखी द्या. जागा लगेच भरेल असं नाही, मान्यतेचे कागद फिरत बसतात, पण तोवर तो तास तरी चित्रकलेलाच ठेवा एवढं मागता येतं, त्याला कोणाची मंजुरी लागत नाही.

क्लास चांगला मिळाला, समोर खऱ्या वस्तू मांडून काढायला लावणारा, तर जरूर घाला. नाही मिळाला तर घरचा तांब्या आहेच. आणि मिस्टरांनाही एक कागद आणि पेन्सिल द्या, बुडाची कड जमते का बघू.