पुस्तक मिटल्यावर

अनेक आशीर्वाद.

परवा अभ्यासिकेत तुझी वही चाळली. जवळजवळ प्रत्येक ओळ गुलाबी नाहीतर हिरवी. ‘सर, चारदा वाचलं तरी पेपरात आठवलं नाही, माझी स्मरणशक्तीच कमी आहे,’ म्हणालीस. कॉलेज रोडवर चहा पिता पिता द्यायचं उत्तर नव्हतं ते, म्हणून लिहितोय.

स्मरणशक्ती ठीक आहे तुझी. चौथ्यांदा वाचताना पान ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटलं म्हणजे आलं, असा आपला समज होतो. गोदाघाटावर रोज दिसणारा माणूस चेहऱ्याने लगेच कळतो, नाव विचारलं की आपण गप्प. पेपर नाव विचारतो, आणि तू सहा महिने नुसते चेहरे बघत होतीस.

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा प्रयोग तुमच्या अभ्यासक्रमात असेल. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२. म्हणजे आदल्या रात्रीची घोकंपट्टी सकाळपुरती चालते, हे खोटं नाही. म्हणून तर ती सवय सुटत नाही.

एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली प्रसिद्ध केलेला विसरण्याचा वक्र, म्हणजे वेळ जाईल तसं किती विसरतं याचा आलेख, सगळे दाखवतात. त्याला घाबरू नकोस. तो निरर्थक अक्षरगट पाठ करत होता. अर्थ लागलेली गोष्ट इतक्या लवकर निसटत नाही. त्यातलं एवढंच घे की घसरण पहिल्या तासा-दिवसात सगळ्यात जास्त होते. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, मग अंतर वाढवत जायचं.

आता माझी एक फजिती. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीपर्यंत पाणी आलेला पूर मी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिला, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. त्यांचा भिजलेला सदरा, मानेला चिकटलेली कॉलर, सगळं डोळ्यांसमोर. वर्गातही सांगायचो. एका दिवाळीत ताईने मध्येच अडवलं, ‘अरे, तुला तेव्हा गोवर होता, तू येवल्याला आजोळी होतास. खांद्यावर मी होते.’ आईनेही मान डोलावली. मी खोटं बोलत नव्हतो. ताईकडून इतक्यांदा ऐकलं होतं की दर वेळी आठवताना मी स्वतःला थोडं थोडं त्या खांद्यावर बसवत गेलो.

मेंदूत फायली नसतात. आठवणं म्हणजे दर वेळी नव्याने रचणं, आणि त्या रचण्यात बाहेरचं काहीही मिसळतं. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. ‘गाड्या आदळून चेंदामेंदा झाल्या तेव्हा वेग किती होता?’ असं विचारलं, तर ‘धडकल्या तेव्हा’ विचारल्यापेक्षा लोकांनी वेग जास्त सांगितला. आठवड्याने ‘चेंदामेंदा’ ऐकलेल्यांपैकी जास्त जणांना फुटलेल्या काचाही ‘आठवल्या’. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती!

म्हणून पुस्तक मिटून लिहिलंस की लगेच उघडून ताडून बघ. लाल पेनाने खूण कर. आठवलं नाही ते तर दिसेलच. पण जे बिनचूक आठवल्यासारखं वाटलं तिथे जास्त निरखून बघ. खात्री आणि खरेपणा नेहमी एकत्र नांदत नाहीत.

तो भिजलेला सदरा मला अजून दिसतो बरं का. ताईचं पटलंय, तरी.

रविवारी सकाळी ये, मिसळ खाऊ. पुस्तक घरी ठेव, कोरी वही आण. हायलायटर मात्र आणलास तर गोदावरीत टाकीन. (टाकणार नाही, नदी आधीच पुष्कळ सोसते आहे.)

तुझा,
सर