रासायनिक युद्धापासून बचाव करणाऱ्या लष्करी तुकडीला प्रत्यक्ष युद्धात कधी काम पडलं आहे का?

पडलं आहे, आणि त्याचं मला आवडणारं उदाहरण चेकोस्लोवाकियाचं आहे. इराकविरुद्धच्या १९९१ च्या आखाती युद्धात गेलेली त्यांची रसायनविरोधी तुकडी.

तो काळच विचित्र होता. नोव्हेंबर १९८९ मध्ये प्रागमधली कम्युनिस्ट राजवट कोसळली होती, पण देश कागदोपत्री अजून वॉर्सा करारात, म्हणजे सोव्हिएत लष्करी गटातच होता. सोव्हिएत फौजाही पुरत्या परतल्या नव्हत्या; शेवटचे सैनिक जून १९९१ मध्ये गेले. आणि अशा देशाचे जवान अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या आघाडीत सामील! इराकने इराणविरुद्ध आणि मार्च १९८८ मध्ये स्वतःच्याच हलब्जा या कुर्दी गावात विषारी वायू वापरला होता, त्यामुळे सौदी अरेबियाला या कामातली तयार माणसं हवी होती. डिसेंबर १९९० मध्ये कर्नल यान वालो यांच्या हाताखाली स्वयंसेवक जवान तिकडे रवाना झाले. संख्या जेमतेम दोनशेच्या घरात. त्यांनी किंग खालिद मिलिटरी सिटीत तळ टाकला आणि सौदी फौजांबरोबर काम सुरू केलं. काम म्हणजे हवा तपासणं, आणि वायुहल्ला झालाच तर माणसं-गाड्या निर्विष करणं.

१९ जानेवारी १९९१ ला, म्हणजे हवाई हल्ले सुरू होऊन दोनच दिवस झाले असताना, त्यांच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या पथकांना हवेत सारिनसारख्या मज्जातंतूंवर मारा करणाऱ्या वायूचा अंश सापडला. प्रमाण अगदी कमी. पुढे २४ जानेवारीच्या सुमाराला तळाच्या जवळच वाळूवरच्या एका ओल्या डागात त्यांना मस्टर्ड हे कातडीवर फोड आणणारं रासायनिक अस्त्रही मिळालं. अमेरिकी अलार्म मात्र गप्प होते. त्यांना वाजायला बरंच जास्त प्रमाण लागायचं.

हा फरक कशामुळे, ते मला जरा सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण मी कीटकनाशकांचे अवशेष तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. सारिनमुळे शरीरातलं कोलिनेस्टरेज हे एन्झाइम बंद पडतं. चेक जवानांच्या उपकरणांत हेच एन्झाइम वापरलेलं होतं: हवा त्यावरून न्यायची, मग अभिक्रियेचा रंग बदलतो का ते बघायचं. एन्झाइम चालू असेल तर रंग बदलतो. बदलला नाही तर विष आहे. थोडक्यात, विष जिथे घाव घालतं तीच जागा मोजमापाला घेतलेली, म्हणून अतिशय कमी प्रमाणही पकडता येतं. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकांसाठी आम्ही याच तत्त्वाच्या चाचण्या करतो. यवतमाळच्या फवारणीतल्या विषबाधेच्या बातम्या आठवत असतील, तर अशा विषबाधेत अॅट्रोपिन हे औषध का देतात तेही याच एन्झाइमशी जोडलेलं आहे. खुद्द सारिनही १९३८ मध्ये जर्मनीत कीटकनाशकांवर संशोधन चालू असताना सापडलं.

चेक नोंदींवर विश्वास बसायला वेळ लागला. युद्धावरून परतलेल्या अमेरिकी सैनिकांच्या आजारांची चर्चा पेटल्यावर, १९९३ मध्ये पेंटागॉनने त्या नोंदी विश्वासार्ह असल्याचं मान्य केलं. वायू आला कुठून, ते मात्र कधीच ठरलं नाही. बॉम्बफेकीत फुटलेल्या इराकी साठ्यांवर अनेकांनी बोट ठेवलं, पण अमेरिकी तपासात ठोस स्रोत निघाला नाही. माझं मत विचाराल तर इतक्या अंतरावरच्या पथकांची यंत्रं एकाच दिवशी चुकतील, हे मला पटत नाही.

१९९३ च्या १ जानेवारीला देशाचे दोन तुकडे झाले, पण हे कौशल्य चेक लष्कराकडे टिकलं. उत्तरेतल्या लिबेरेत्स शहरातली त्यांची ३१ वी तुकडी आज यासाठीच ओळखली जाते. नाटोने आपली पहिली बहुराष्ट्रीय रासायनिक-जैविक-आण्विक संरक्षण बटालियन डिसेंबर २००३ मध्ये तिथेच उभी केली, आणि नाटोचं या विषयाचं केंद्रही चेक प्रजासत्ताकातच, विश्कोवला आहे.