उत्तर अमेरिकेत वसंतात अमेरिकन रॉबिन पक्षी परतले आणि घरटं करू लागले, हे कसं ओळखायचं?

नुसता रॉबिन दिसला म्हणजे स्थलांतर सुरू झालं असं धरू नका. बरेच रॉबिन हिवाळाभर उत्तरेतच थव्याने राहतात, झाडांवरची फळं खातात. नोंदवायचं ते गाणं. एकटा नर पहाटे उंच फांदीवरून रोज गायला लागला की त्याने हद्द धरली समजा. साधारण तेव्हाच सरासरी तापमान ३ अंश सेल्सिअसच्या आसपास येतं, जमीन सैल होते आणि गांडुळं वर येतात. माद्या नरांच्या मागून येतात.

घरटं मादी बांधते. वाटीला आतून चिखल लिंपताना ती छातीने दाबते, त्यामुळे छातीवर मातीचा पट्टा दिसला की बांधकाम चालू आहे हे नक्की. चोचीत गवत घेऊन कुठे जाते ते दुर्बिणीने, लांबूनच बघा. या दिवसांत जवळ गेलात तर घरटं सोडून देऊ शकते. मग रोज एक अशी ३ ते ५ निळी अंडी, १२-१४ दिवस उबवण, आणि अंडी फुटल्यावर साधारण १३ दिवसांनी पिल्लं घरट्याबाहेर. शेवटच्या ३-४ दिवसांत डोकावू नका, पिल्लं घाबरून वेळेआधीच उड्या टाकतात. अमेरिकेत अंडी-पिल्लं असलेलं घरटं हलवणं १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने गुन्हा आहे, दारावरच्या दिव्यावर असलं तरी.