डोंगरातल्या त्या दोन रात्री वाया गेल्या का?

“तिथं गेल्यावर कळलं, आमच्यात आता काही उरलेलंच नाही.”

हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत मी समुपदेशनासाठी येणाऱ्या कितीतरी जोडप्यांकडून ऐकलं आहे, आणि बहुतेकदा ते सुट्टीवरून परतल्या परतल्या ऐकायला मिळतं. या जोडप्याच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती. (दोघांच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) त्यानं मुद्दाम शोधून डोंगरातलं एक छोटं हॉटेल ठरवलं होतं. मोजक्या खोल्या, टीव्ही नाही, नेटवर्क जेमतेम. दोघांनीही त्या दोन रात्रींची मनापासून वाट पाहिली होती. प्रत्यक्षात पहिल्याच संध्याकाळी सात वाजता बोलणं संपलं. रात्री ती पाठ करून झोपली, दुसरा दिवस चिडचिडीत गेला आणि तिसऱ्या दिवशी उजाडताच दोघं परत निघाले.

“घरी निदान कामं तरी असतात. तिथं फक्त आम्ही दोघं होतो, आणि तेवढं पुरलं नाही,” ती म्हणाली. तो मान खाली घालून बसला होता.

अशा वेळी मी आधी नात्याबद्दल काही विचारत नाही. काय घडलं ते तासातासानं सांगायला लावते, कारण ‘काही उरलं नाही’ हा निकाल आहे आणि मला त्यामागचे प्रसंग हवे असतात.

मग प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून ऐकायला मिळालं. मुलांची सोय, घराची व्यवस्था, दोघांच्या बॅगा हे सगळं तिनं केलं होतं आणि ती उशिरा झोपली होती. पहाटे निघून एकाच दिवसात ते सखल भागातून जवळजवळ २,७०० मीटरवर पोचले. संध्याकाळपासून तिचं डोकं दुखत होतं. साधारण अडीच हजार मीटरच्या वर एकदम गेलं की हवेतल्या कमी प्राणवायूमुळे डोकेदुखी, थकवा, मळमळ आणि तुटक झोप हे प्रकार बऱ्याच जणांना होतात. त्यात नवी जागा. अनोळखी ठिकाणी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धगोल दुसऱ्याइतका गाढ झोपत नाही, तो जणू पहारा देतो, असं २०१६ साली ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं होतं. म्हणजे ज्या रात्रीवर दोघांनी सगळी भिस्त ठेवली होती, त्या रात्री तिचं शरीर साथ देण्याच्या अवस्थेत नव्हतं. हे तिनं त्याला सांगितलं नाही, कारण “त्यानं एवढं ठरवलंय, त्याचा मूड कशाला घालवू?” आणि त्यानं तिच्या पाठमोऱ्या झोपण्याचा अर्थ लावला: हिला मी नकोसा झालोय.

“तू एकदा म्हणाली असतीस तर...” तो पहिल्यांदाच बोलला.

“तू विचारलंस का?”

इथं मी दोघांना थांबवलं आणि शारीरिक जवळिकीचा विषय उघडपणे काढला. ‘रोमँटिक’ मुक्कामाच्या कल्पनेत तो असतोच, आणि त्याबद्दल बोललं मात्र जात नाही. इच्छा नेहमी आपोआप, आधी उमटत नाही. रोझमेरी बॅसन या डॉक्टरांनी २००० साली मांडलं, की बऱ्याच स्त्रियांच्या बाबतीत, विशेषतः नातं जुनं झाल्यावर, आधी निवांतपणा आणि स्पर्श येतो आणि इच्छा त्यानंतर जागी होते. थकलेल्या, डोकं ठणकणाऱ्या माणसाला खोलीत शिरताच ती जाणवली नाही, तर त्यावरून प्रेम संपल्याचं अनुमान काढता येत नाही. त्याला हे नवीन होतं. तिलाही होतं, तिला आपल्यातच काही बिघाड आहे असं वाटत होतं, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

पुढच्या सत्रात मी दोघांना त्या मुक्कामातली लहानात लहान गोष्ट आठवायला सांगितली. ती म्हणाली, गॅलरीतून मी याला हाक मारली होती, “अरे बघ, धुकं वर येतंय.” हा फोनला रेंज शोधत “हं” म्हणाला. मग त्यालाही आठवलं: रात्री तिला थंडी वाजतेय असं वाटून त्यानं स्वतःची रजई तिच्यावर घातली होती. तिला ते माहीतच नव्हतं.

मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात घरासारख्या सजवलेल्या प्रयोगशाळेत नवविवाहित जोडप्यांना राहायला बोलावलं होतं. ‘तो पक्षी बघ’ अशा किरकोळ हाकांना जोडीदार काय करतो, हे ते टिपत. सहा वर्षांनी पाहिलं तेव्हा टिकलेल्या जोडप्यांनी अशा हाकांना ८६ टक्के वेळा प्रतिसाद दिला होता, तुटलेल्यांनी ३३ टक्के. मी हे आकडे धाक घालायला सांगत नाही. या दोघांमध्ये हाकाही होत्या आणि काळजीही होती. ती एकमेकांपर्यंत पोचत नव्हती, एवढंच त्यांना दाखवायचं होतं.

काही महिन्यांनी ते पुन्हा अशाच एका ठिकाणी गेले, या वेळी तीन रात्री. निघण्यापूर्वी घरी बसून त्यांनी काही गोष्टी ठरवल्या. बॅगा त्यानं भरायच्या. वाटेत कमी उंचीवर एक मुक्काम करायचा. पहिली रात्र निव्वळ झोपेची, मद्य नाही, कसलीही अपेक्षा नाही. नंतरही ‘शेवट’ गाठण्याचं बंधन नसलेला स्पर्श. लैंगिकतेवर संशोधन करणाऱ्या मास्टर्स आणि जॉन्सन यांनी १९७० मध्ये मांडलेली ही पद्धत आजही उपयोगी पडते, कारण परीक्षेचं दडपणच त्यात निघून जातं. रोज दुपारी दोन तास ज्यानं त्यानं आपापलं काहीही करावं, हे मात्र माझ्या आग्रहाखातर. चोवीस तास समोरासमोर बसून बोलणं कुणालाच जमत नाही, आणि एकाच खोलीत दोघांनी आपापलं पुस्तक वाचत बसणं हीसुद्धा जवळीकच आहे.

एक गोष्ट आवर्जून सांगते. घरात मारहाण, धाक किंवा सततचा अपमान असेल, तर निर्जन डोंगरात एकत्र जाऊन राहणं हा त्यावरचा इलाज नाही. तिथं मदतही लांब असते. अशा वेळी आधी एकटीनं किंवा एकट्यानं समुपदेशकाकडे यावं.

या दोघांचं दुसऱ्या मुक्कामातही एकदा वाजलं, पायवाट चुकल्यावरून. पण त्याच संध्याकाळी ते मिटलं, आणि घाईनं परत निघावंसं कुणालाच वाटलं नाही. नंतरच्या सत्रात मुक्कामाची चर्चा जेमतेम पाच मिनिटं झाली. बाकीचा वेळ घरातल्या कामांच्या वाटणीवर गेला, आणि तो विषय त्यानं काढला होता.