समानार्थी शब्द पाठ करून इंग्रजी शब्दसंग्रह वाढतो का, की वाक्यांतूनच शिकावं?

प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नागपुरात एसएससीची (दहावीची नाही, स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सरकारी नोकरभरतीची) तयारी करून राहिले आहात, रोज ३० इंग्रजी शब्द समानार्थी शब्दांसकट पाठ करता, आठवड्यात निम्मे उडतात आणि उरलेले वाक्यात बसत नाहीत. यादी सोडावी का, आणि ३००० शब्द किती दिवसांत होतील?

सोडा. निदान नव्या शब्दाची पहिली ओळख यादीतून करून घेणं आजच बंद करा.

'नागपूर इज नोटोरियस फॉर इट्स ऑरेंजेस.' हे वाक्य मी निबंधांच्या वह्यांत कितीतरी वेळा लाल शाईने कापलंय, आणि दर वेळी राग लिहिणाऱ्या मुलाचा नाही, त्याच्या यादीचा आलाय. यादीत 'फेमस'पुढे एका रांगेत छापलेलं असतं: वेल-नोन, रिनाउन्ड, नोटेड, सेलिब्रेटेड, नोटोरियस. मुलगा रांगेतला सगळ्यात भारदस्त वाटणारा शब्द उचलतो. 'नोटोरियस' म्हणजे वाईट गोष्टीसाठी प्रसिद्ध, हे यादी त्याला सांगत नाही. नागपूर संत्र्यांसाठी 'फेमस' आहे आणि मे महिन्यातल्या उन्हासाठी 'नोटोरियस'. ही दोन वाक्यं शेजारी-शेजारी लिहिली की शब्द जन्मात विसरत नाही, आणि त्याला एक मिनिट लागतं.

त्याच रांगेतले बाकीचेही एकमेकांच्या जागी बसत नाहीत. 'रिनाउन्ड' हा आपला नामवंत: सर्जन, गायक, संस्था. 'सेलिब्रेटेड' म्हणजे गाजलेला, ज्याचा लोकांनी गौरव केलाय असा लेखक किंवा चित्रकार. 'नोटेड' बातमीत माणसाच्या आधी येतो, 'नोटेड इकॉनॉमिस्ट'. 'वेल-नोन' मात्र गोष्टीलाही लागतो: 'अ वेल-नोन फॅक्ट' म्हणजे सर्वश्रुत बाब. 'अ रिनाउन्ड फॅक्ट' कुणी म्हणत नाही, जसं मराठीत 'नामवंत बाब' कुणी म्हणत नाही. आणि परीक्षेत हमखास फसवणारा भाग: 'इन्फेमस' हा 'फेमस'चा विरुद्धार्थी नाही, तो 'नोटोरियस'च्या घरातला. विरुद्धार्थी हवा असेल तर 'ऑब्स्क्युअर', म्हणजे फारसा कुणाला माहीत नसलेला. नुसता उपसर्ग बघून विरुद्धार्थी ठोकणारे 'इनव्हॅल्युएबल'लाही निरुपयोगी समजतात. त्याचा अर्थ अनमोल.

शाळेत आपण सगळ्यांनीच पाणी म्हणजे जल, नीर, उदक, तोय, जीवन हे पाठ केलंय. तरी 'आज नळाला उदक आलं नाही' असं कुणी म्हणत नाही. कारण मराठी आपण रांगेतून शिकलो नाही, उदक पूजेत ऐकलं आणि पाणी नळावर. इंग्रजीत ती ऐकण्याची सोय नाही, म्हणून ती मुद्दाम करावी लागते.

इंग्रजीत एकाच अर्थाचे इतके शब्द का, हेही समजून घ्या, पाठांतर कमी होतं. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि जुन्या इंग्रजीवर फ्रेंचचा थर चढला. लॅटिन धर्मातून आणि विद्येतून येतच होती. म्हणून 'आस्क' देशी, 'क्वेश्चन' फ्रेंच, 'इंटरॉगेट' लॅटिन. आई आस्क करते, पोलीस इंटरॉगेट करतात. मराठीतही चूक देशी, प्रमाद संस्कृत, गफलत फारसीच्या वाटेने आलेली. गणितात चूक होते, प्रमाद हातून घडतो, गफलत पहारेकऱ्याची होते. मराठीत हा फरक तुम्हाला न शिकवता कळतो. तीच कसोटी इंग्रजी शब्दाला लावा: कोण बोलतं, कुणाशी, आणि शब्दासोबत दुसरा कोणता शब्द येतो.

आता करायचं काय. इंग्रजी कसं शिकवावं याचे अभ्यासक मायकेल वेस्ट ढाक्यात शिकवायचे; त्यांची १९५३ ची सुमारे २००० पायाभूत शब्दांची यादी नेटवर सहज मिळते. ती पाठ करायला नाही, चाळायला घ्या. शंभरातले दहापेक्षा जास्त अडत असतील तर आधी तेच भरा. 'एफेमरल' (क्षणभंगुर) आणि 'गॅर्युलस' (बडबड्या) यांसारखे भारदस्त शब्द थांबू शकतात. त्यानंतर वाचन. नागपूरकराला 'हितवाद'सारखा घरचा इंग्रजी पेपर आहे, १९११ पासून. शहराचं पान घ्या, अग्रलेख नको. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाची बातमी, महापालिकेची, पावसाची. ठिकाण ओळखीचं, प्रसंग ओळखीचा, त्यामुळे नव्या शब्दाचा अर्थ अंदाजाने लागतो. पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी असावा. पाच-सहा अडले तर तो मजकूर आज तुमच्यासाठी नाही, दुसरा घ्या. मथळ्यातले शब्द मात्र वहीत घेऊ नका: 'नॅब' (पकडणे), 'प्रोब' (चौकशी), 'ॲक्स' (काढून टाकणे) जागा वाचवायला छापतात, ते अर्जात शोभत नाहीत.

शब्द अडला की लगेच मोबाईल काढू नका. आधी तो नाम आहे, क्रियापद आहे की विशेषण, ते ठरवा. मग आजूबाजूचे 'बट', 'बिकॉज', 'सच ॲज' शोधा. अंदाजाने एक मराठी शब्द पेन्सिलीने लिहा आणि मगच कोश उघडा. 'ही कुड नॉट रन द हाउस ऑन हिज मीगर सॅलरी.' घर चालत नाही म्हणजे पगार कमी. पण 'कमी' लिहून थांबू नका. इथे नेमका शब्द तुटपुंजा. 'मीगर' पगाराला, मिळकतीला, साठ्याला लागतो, उंचीला लागत नाही. तुटपुंजाही तसाच. नेमका मराठी शब्द सापडला की अर्धं काम झालं. म्हणूनच मराठीला वहीतून हाकलणाऱ्या सल्ल्याशी मी सहमत नाही. 'थिन'ला बारीक, 'स्लिम'ला सडपातळ, 'स्लेंडर'ला शेलाटा, 'स्किनी'ला हडकुळा असं लिहिलं की कुठला शब्द कौतुकाचा आणि कुठला झोंबणारा, हे वेगळं सांगावं लागत नाही.

वही दोनशे पानी घ्या. एका शब्दाला अर्धं पान: वर पेपरातलं मूळ वाक्य जसंच्या तसं, खाली त्याचे दोन सोबती शब्द, मग एकच मराठी शब्द, मग तुमचं स्वतःचं नागपुरातलं वाक्य. खालच्या तीन ओळी कोऱ्या सोडा. रोज आठ शब्द, आठवड्यातून पाच दिवस. उरलेले दोन दिवस फक्त उजळणी. उजळणी दुसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी. ती वाचून करू नका. मूळ वाक्यातला शब्द बोटाने झाका आणि आठवा. परीक्षेतल्या क्लोज टेस्टमध्ये, म्हणजे उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरताना, तुम्हाला नेमकं हेच करायचं असतं.

कोऱ्या तीन ओळी समानार्थी शब्दांसाठी आहेत, पण त्या पहिल्या दिवशी भरायच्या नाहीत. जवळच्या अर्थाचे चार नवे शब्द एकाच दिवशी घेतले की ते डोक्यात एकमेकांवर चढतात, तुमचे निम्मे शब्द उडण्याचं मोठं कारण हेच. आधी एक पक्का होऊ द्या. सातव्या दिवशी त्याचा भाऊ आणा आणि फरक लिहा.

उदाहरणार्थ 'रिफ्यूज', 'डिनाय', 'रिजेक्ट', 'डिक्लाइन'. मराठीत चारही ठिकाणी 'नाकारणे' चालतं, म्हणून आपली मुलं इथे सगळ्यात जास्त घसरतात. मंत्री आरोप 'डिनाय' करतो, म्हणजे ते खरं नाही म्हणतो. कोर्ट जामीन अर्ज 'रिजेक्ट' करतं, फेटाळतं. कामगार काम करायला 'रिफ्यूज' करतात. लग्नाचं आमंत्रण आदराने 'डिक्लाइन' करतात. व्याकरणही वेगळं: 'रिफ्यूज'नंतर 'टु गो', 'डिनाय'नंतर 'टेकिंग मनी'. 'ही डिनाइड टु गो' हे वाक्य आपल्याकडे सर्रास चालतं आणि ते चूक आहे. चारही शब्द एकाच दिवशी पाठ केले असते, तर हा फरक कळला नसता.

हवामानाचे शब्द तर जोडीनेच घ्या: पाऊस 'हेवी', वारा 'स्ट्राँग', थंडी 'बिटर', ऊन 'स्कॉर्चिंग'. आपला पाऊस मुसळधार, वारा सोसाट्याचा, थंडी कडाक्याची, ऊन रखरखीत.

वाक्यावरून काढलेला अंदाज चुकतोही. एकाच वाक्यावर विश्वास ठेवू नका. तोच शब्द दुसऱ्या बातमीत भेटेपर्यंत अर्थ पेन्सिलीतच राहू द्या. कोशही विद्यार्थ्यांसाठी केलेला, उदाहरणवाक्यं देणारा घ्या. नुसता इंग्रजी-मराठी शब्दार्थ देणारं ॲप परत यादीकडेच नेतं.

३००० शब्दांचं म्हणाल तर या गतीने वर्षाला दोन हजारांच्या आसपास वहीत येतात. त्यातले हाताशी किती राहतील, ते उजळणीवर आहे.

एक महिन्यावर परीक्षा असेल तर मात्र माझं ऐकू नका. एसएससीच्या सीजीएल या पदवीधरांसाठीच्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुण, चुकीला अर्धा गुण वजा. त्यात सरळ समानार्थी विचारतात, आणि तेवढ्यापुरती मागच्या प्रश्नपत्रिकांतल्या शब्दांची यादी कामाला येते. पर्यायांतून ओळखायचं असतं, वापरायचं नसतं.

पण 'यादी पाठ करा, वापर आपोआप येतो' असं वर्गात सांगणाऱ्यांशी माझं भांडण जुनं आहे आणि ते अजून मिटलेलं नाही. ते रॉजेच्या समानार्थी कोशाचा दाखला देतात. पीटर मार्क रॉजे यांनी १८५२ मध्ये तो कोश काढला, तो अर्थांच्या गटांनी रचलेला होता. मनात कल्पना आहे पण शब्द सुचत नाही, अशा लिहिणाऱ्यासाठी तो होता. त्या माणसाला सगळे शब्द आधीच माहीत असतात. त्याला फक्त निवड करायची असते. ज्याला एकही माहीत नाही, त्याच्या हातात तीच रांग दिली की संत्री 'नोटोरियस' होतात. तुमच्या पाठ केलेल्या यादीतले कोणतेही दहा शब्द आज रात्री काढा आणि प्रत्येकासमोर त्याच्यासोबत हमखास येणारे दोन शब्द लिहून बघा. ज्याच्यासमोर जागा कोरी राहील, तो शब्द उद्यापासून नवा समजून वहीत घ्या.