मुलगी म्हणते, हॉटेल सोडून वेलनेस कोच होणार!

कुडाळहून एका आईने लिहिलं आहे: ‘मुलीने दादरच्या आयएचएममधून तीन वर्षं हॉटेल मॅनेजमेंट केलं. सहा वर्षं गोव्यात एका मोठ्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे, आता ड्युटी मॅनेजर. दिवाळीनंतर राजीनामा देऊन वेलनेस कोच होणार म्हणते, म्हणजे लोकांना झोप, जेवण, चालणं अशा सवयी सुधारायला मदत करणार. सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्सही शोधलाय, ८५ हजारांचा. घरी आली तरी वही घेऊन बसते, कोण किती तास झोपलं ते लिहिते. हे काय खूळ? एवढं शिकवलं ते फुकट गेलं का?’

ताई,

ज्या वहीवर तुम्ही वैतागलात, तीच मला तुमच्या पत्रातली सगळ्यात आशेची गोष्ट वाटली. पुढे तुम्हीच लिहिलंय, की नाइट शिफ्टला पहाटे तीनला मॅगी आणि कडक चहा घेऊन तिचं पित्त उसळायचं. मग तिने ते बंद करून डब्यात दही-भाकरी न्यायला सुरुवात केली, आणि रिसेप्शनवरच्या चार मुलींनाही तशी सवय लागली. त्या चौघींची झोप, जेवण, पाठदुखी त्या वहीत आहे. कुणी सांगितलं नव्हतं, पैसेही मिळत नव्हते, तरी ती हे करत राहिली. याला मी खूळ म्हणणार नाही.

आणि शिक्षण फुकट गेलेलं नाही. खोली तयार नाही म्हणून काउंटरवर आवाज चढवणाऱ्या माणसाचा राग खोलीवर आहे की बारा तासांच्या प्रवासावर, हे तिला दोन मिनिटांत कळतं. ३०४ला कडक उशी हवी, २१२च्या आजोबांना जिना चढवत नाही, असं शिफ्ट संपताना लॉगबुकात लिहून ठेवायची शिस्त तिच्या हाताला आहे. ही नजर कुठल्या कोर्समध्ये विकत मिळत नाही.

पण हॉटेल एक उलटी सवयही लावतं. पाहुण्याला नाही म्हणायचं नाही, त्याने मागायच्या आत वस्तू हातात द्यायची. कोचिंगमध्ये नेमकं हेच सोडावं लागतं. समोरची बाई म्हणाली, ‘मला चालायला वेळच होत नाही’, की हॉटेलात मुरलेली मुलगी लगेच तिचं वेळापत्रक आखून देईल. कोच विचारेल, ‘गेल्या आठवड्यात कुठल्या दिवशी थोडा तरी वेळ निघाला होता?’ आणि गप्प बसेल. ते गप्प बसणं फार अवघड आहे. हॉटेलातून इकडे वळलेल्या ज्यांना मी जवळून पाहिलं, त्यांतल्या बहुतेकांचं घोडं इथेच अडलं.

म्हणून ते ८५ हजार आत्ता भरू नका. वेलनेस कोच म्हणवून घ्यायला आपल्याकडे सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे सर्टिफिकेट कुणीही छापू शकतं. कोचना प्रमाणपत्र देणाऱ्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या जागतिक संस्थेच्या पहिल्या पायरीलासुद्धा किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचं प्रत्यक्ष कोचिंग लागतं. हे सहा आठवड्यांत कसं बसवणार, आणि तिची सेशन्स ऐकून चुका कोण दाखवणार, हे तिने त्या कोर्सवाल्यांना फोन करून विचारावं. योगाची जोड हवी असेल तर आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा आहे. लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ पासून आणि सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट १९१८ पासून हेच शिकवत आहेत.

एका बाबतीत मी कडक बोलणार आहे. रुग्णाचा आहार ठरवणं हे पोषणशास्त्र शिकलेल्या आहारतज्ज्ञाचं काम, आणि गोळ्या डॉक्टरांच्या. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४च्या कायद्याने बंदी आहे, तरी ‘शुगर मुळापासून घालवा’ म्हणणारे मोबाइलवर रोज दिसतात. तिने त्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. झोप, चालणं, जेवणाची वेळ, ठरवलेलं टिकवणं, एवढ्यातच भरपूर काम आहे.

राजीनामा दिवाळीनंतर नको. गोव्याचा हंगाम तेव्हाच भरात येतो. तो तिने पुरा करावा आणि निदान दहा महिन्यांचा खर्च बाजूला टाकावा, कारण पहिल्या वर्षी क्लायंट चार-दोनच असतात. पावसाळ्यात हॉटेलं जरा रिकामी असताना रजा काढून कोर्स करावा. मधल्या काळात स्वतःच्याच हॉटेलात स्पा-वेलनेसकडे बदली मागता येईल. मुळशीसारख्या ठिकाणी लोक तब्येतीसाठी आठवडाभर राहायला येतात. तिथल्या रिसॉर्टना पाहुणे सांभाळणारी माणसं लागतातच. पगार फारसा न सोडता काम आतून बघायला मिळेल. मला हाच रस्ता सगळ्यात बरा वाटतो.

शेवटी तुमच्याबद्दल. रात्री तीनला जाग येते आणि बीपीची गोळी चालू आहे, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. गोळी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे चालू ठेवा, रात्री जाग येते तेही त्यांच्या कानावर घाला. आणि लेक पुढच्या सुट्टीला आली की त्या वहीत तुमचंही एक पान करायला सांगा. ती तुम्हाला भराभर उपाय सांगत सुटते की आधी विचारते आणि ऐकून घेते, एवढं मला कळवा. कोर्सचं मग बघू.